अनियत दोष आणि पाठचिकित्सा : वर्ड प्रोसेसरमधील मॅक्रोच्या इतिहासाचा एक धागा

लेखनिकाचा प्रमाद हा साहित्याभ्यासाचा जुना आणि मान्य विषय आहे. पोथी उतरवून घेणाऱ्याची नजर एका ओळीवरून सारख्याच शब्दाने संपणाऱ्या दुसऱ्या ओळीवर गेली, की मधला मजकूर गळतो. अपरिचित शब्दाच्या जागी त्याच्या परिचयाचा शब्द येतो. समासातील टीप पुढच्या प्रतीत संहितेत शिरते. अशा प्रमादांचे वर्गीकरण करूनच पाठचिकित्सा हे शास्त्र उभे राहिले. वर्ड प्रोसेसरमधील मॅक्रोची चूक मात्र अद्याप केवळ तंत्रज्ञाच्या अखत्यारीतील बाब समजली जाते. ही समजूत तपासून पाहण्याची वेळ आली आहे. कारण गेल्या काही दशकांत अभ्यासकांच्या हाती येणाऱ्या संहितांचा मोठा भाग कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर मॅक्रोच्या हातून गेलेला असतो. शोध आणि बदल, फाँटचे रूपांतर, टीपांची पुनर्रचना ही कामे आता लेखनिक करीत नाही, आज्ञांची मालिका करते.

या मालिकेच्या चुकांपैकी सर्वांत बोधप्रद प्रकार म्हणजे अनियत दोष. मॅक्रो सोमवारी बिनचूक चालतो, मंगळवारी मध्येच थांबतो आणि बुधवारी काहीही न बदलता पुन्हा चालू लागतो. अशा वेळी ‘यंत्राची लहर’ असे म्हणून विषय संपवला जातो. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन याच्या उलट आहे. अनियत दोष अनियत भासतो, कारण त्याचे कारण आज्ञेत नसून आज्ञेच्या न दिसणाऱ्या संदर्भात असते. तो संदर्भ हुडकण्याची रीत ही पाठचिकित्सेची रीत आहे, आणि ती टाळली तर चूक नाहीशी होत नाही, फक्त दिसेनाशी होते.

१. मॅक्रोची पूर्वपीठिका

मॅक्रो म्हणजे एका नावाखाली बांधलेली आज्ञांची मालिका. ही कल्पना वर्ड प्रोसेसरपेक्षा जुनी आहे. १९५०च्या दशकात यंत्रसन्निध भाषांत लिहिणाऱ्यांनी वारंवार लागणाऱ्या आज्ञासमूहांना एकेक नाव देण्यास आरंभ केला. डग्लस मॅकिलरॉय यांनी १९६० साली आणि क्रिस्टोफर स्ट्रेची यांनी १९६५ साली या संक्षेपपद्धतीला स्वतंत्र सैद्धांतिक रूप दिले. नाव लिहावे आणि त्याचा विस्तार यंत्राने करावा, हे तिचे तत्त्व. सूत्र आणि त्याची व्याख्या यांच्या परंपरेत वाढलेल्या भारतीय वाचकाला ते नवखे वाटण्याचे कारण नाही.

लेखनाच्या बाजूने पाहता १९६४ साली आयबीएम कंपनीने चुंबकीय फीत जोडलेला टंकलेखन यंत्राचा एक प्रकार बाजारात आणला. कळांचा क्रम फितीवर साठवून तो पुन्हा वाजवता येणे, हे त्याचे वैशिष्ट्य होते. इंग्रज कादंबरीकार लेन डाइटन यांनी १९६८ साली हे यंत्र भाड्याने घेतले आणि १९७० साली प्रसिद्ध झालेली ‘बॉम्बर’ ही कादंबरी त्याच्या साहाय्याने सिद्ध केली. या घटनेचे वाङ्मयेतिहासातील स्थान मॅथ्यू किर्शनबाऊम यांनी ‘ट्रॅक चेंजेस’ या २०१६ सालच्या ग्रंथात स्पष्ट केले आहे. साठवलेला कळांचा क्रम आणि नावाने पुकारलेला आज्ञासमूह हे दोन प्रवाह पुढे एकत्र आले. १९७६ साली एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन आणि गाय स्टील यांनी एका जुन्या संपादकावर निरनिराळ्यांनी रचलेले मॅक्रो एकत्र करून ‘ईमॅक्स’ घडवला. त्याचे नावच मुळी ‘संपादक मॅक्रो’ या अर्थाच्या शब्दांचा संक्षेप आहे.

या मीलनातच पुढील अडचणीचे बीज होते. नावाने पुकारलेली आज्ञा आपला अर्थ बरोबर घेऊन येते. साठवलेला कळांचा क्रम मात्र ज्या स्थितीत साठवला गेला त्या स्थितीवर अवलंबून असतो. ‘तीन ओळी खाली जा’ या आज्ञेचा अर्थ, निघण्याचे स्थान तेच असेल तरच तोच राहतो.

२. भाषांतरित आज्ञा

१९८९ साली विंडोजसाठी ‘वर्ड’ प्रसिद्ध झाले आणि त्याबरोबर ‘वर्डबेसिक’ ही मॅक्रोभाषा आली. लेखन करणाऱ्याने नेहमीप्रमाणे काम करावे, त्याची नोंद आपोआप होऊन तिचे आज्ञांत रूपांतर व्हावे, अशी सोय तीत होती. त्यामुळे कार्यक्रमलेखनाचा गंधही नसलेले लोक मॅक्रो रचू लागले. या नोंदीत कृती उतरे, कृतीमागचा हेतू मात्र उतरत नसे.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांनी विशेष लक्ष द्यावे असा भाग याच टप्प्यावर येतो. जर्मन, फ्रेंच इत्यादी आवृत्त्यांत वर्डच्या अंगभूत आज्ञांची नावेही त्या त्या भाषेत होती. इंग्रजी आवृत्तीतील ‘फाइलसेव्हअ‍ॅज’ ही आज्ञा जर्मन आवृत्तीत ‘डाटायश्पाइशर्नउंटर’ या नावाने वावरे. वर्डमध्ये अंगभूत आज्ञेच्या नावाचा मॅक्रो रचला, की मूळ आज्ञेऐवजी तो चालतो. इंग्रजी नावाने रचलेला असा मॅक्रो जर्मन यंत्रावर नेला असता तिथे त्या नावाची आज्ञाच नसे, म्हणून तो निमूटपणे निष्क्रिय राही. चुकीची सूचना येत नसे; नुसते काही घडत नसे. १९९५ साली पसरलेल्या ‘कन्सेप्ट’ या पहिल्या प्रसिद्ध वर्डमॅक्रो विषाणूचा प्रसार काही भाषिक आवृत्त्यांत याच कारणाने अडला. अनुवादामुळे रोग अडावा, असा हा विलक्षण प्रसंग.

वर्ड ९७ पासून वर्डबेसिकच्या जागी ‘व्हिज्युअल बेसिक फॉर ॲप्लिकेशन्स’ आले आणि आज्ञा सर्वत्र इंग्रजीच झाल्या. तरीही अनुवादाचे अवशेष उरलेच. अंगभूत शैलींची नावे स्थानिक भाषेत राहिली; ‘हेडिंग १’ ही शैली नावाने पुकारणारा मॅक्रो जर्मन यंत्रावर त्या नावाची शैली नाही म्हणून थांबू शकतो, तर तीच शैली तिच्या अंतर्गत क्रमांकाने पुकारली तर चालतो. शोधाच्या सांकेतिक भाषेत ‘दोन ते पाच वेळा’ असे सांगताना दोन संख्यांमध्ये स्वल्पविराम द्यावयाचा की अर्धविराम, हे विंडोजच्या प्रादेशिक मांडणीवर ठरते. जिथे दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात तिथे यादीतील विभाजक बहुधा अर्धविराम असतो. पुण्यात चालणारे एक साधे शोधवाक्य पॅरिसमध्ये अडते ते यामुळे. सार्वत्रिक म्हणून मांडलेल्या भाषेत स्थानिकता अशी विरामचिन्हाच्या आकाराने लपून राहते.

३. अनुवृत्ती आणि दर्शक पदे

एकाच यंत्रावर, एकाच मॅक्रोत, एकाच दिवशी उद्भवणाऱ्या अनियत दोषांचे स्वरूप याहून सूक्ष्म असते. त्यांतील तीन प्रकार नमुन्यादाखल पाहता येतील.

पहिला प्रकार संस्कृत व्याकरणाच्या परिभाषेत सांगणे सोयीचे आहे. अष्टाध्यायीत आधीच्या सूत्रातील पद पुढील सूत्रात न उच्चारता चालू राहते, ही अनुवृत्ती. ती कुठे थांबते, म्हणजे निवृत्ती कुठे मानावयाची, यावर टीकाकारांत वाद झाले आहेत. वर्डमधील शोधाची यंत्रणा अशीच वागते. लेखकाने सकाळी संवादचौकटीतून केवळ तिरप्या अक्षरांतील शब्द शोधला असेल, तर ‘तिरपे’ ही अट चौकटीत शिल्लक राहते. दुपारी चालवलेल्या मॅक्रोने निवडीवर आधारलेला शोध घेतला आणि जुन्या अटी आधी पुसल्या नाहीत, तर तो फक्त तिरप्या अक्षरांत शोधतो आणि काही सापडले नाही असे सांगतो. मॅक्रोच्या संहितेत ‘तिरपे’ हे पद कुठेही नसते. दोष अनियत दिसतो, पण वस्तुतः तो सकाळच्या कृतीची दुपारी झालेली अनुवृत्ती असतो. उपाय एका ओळीचा आहे : प्रत्येक शोधापूर्वी सर्व अटी स्पष्टपणे निवृत्त कराव्यात आणि हव्या त्या नव्याने उच्चाराव्यात.

दुसरा प्रकार दर्शक पदांचा. नोंदवलेले मॅक्रो ‘सक्रिय दस्तऐवज’ आणि ‘निवड’ या दोन पदांवर उभे असतात. भाषेतील ‘हा’, ‘इथे’, ‘आता’ या पदांप्रमाणे त्यांचा अर्थ उच्चाराच्या क्षणी ठरतो. मॅक्रो चालू असताना दुसरी खिडकी पुढे आली, कर्सर तळटीपेत वा सारणीत उभा असला, की त्याच पदाने निराळी वस्तू निर्दिष्ट होते. दर्शक पदाच्या जागी विशेषनाम योजणे, म्हणजे दस्तऐवजाला आरंभीच नाव देऊन पुढे त्याच नावाने पुकारणे, हा त्यावरचा उपाय.

तिसरा प्रकार काळाचा. मॅक्रो मजकूर उचलतो आणि लगेच दुसरीकडे ठेवतो. उचललेला मजकूर ज्या सामायिक जागेत, म्हणजे क्लिपबोर्डवर, ठेवला जातो ती केवळ वर्डची नसते. इतर कार्यक्रमही ती वापरतात. एखाद्या क्षणी ती दुसऱ्याच्या ताब्यात असली, तर क्लिपबोर्ड रिकामा वा अवैध असल्याचे सांगणारी ४६०५ क्रमांकाची चूक येते. कारण शोधण्यासाठी मॅक्रो एकेक पायरीने चालवला, तर दोन पायऱ्यांमध्ये पुरेसा वेळ जातो आणि चूक बहुधा घडतच नाही. पाने पाडण्याचे काम पार्श्वभूमीवर चालू असताना पृष्ठक्रमांक विचारणारे मॅक्रोही याच वर्गातले.

निरीक्षणाने पळून जाणाऱ्या या दोषाला संगणकशास्त्रात नाव आहे. टँडेम या कंपनीत काम करणारे जिम ग्रे यांनी १९८५ सालच्या एका प्रसिद्ध अहवालात, संगणक का बंद पडतात याची चर्चा करताना, दोषांचे दोन वर्ग मांडले : दर वेळी हमखास घडणारे ते ‘बोरबग’ आणि पुन्हा पाहू गेल्यास नाहीसे होणारे ते ‘हायझेनबग’. पदार्थविज्ञानातील दोन नावांशी केलेला हा श्लेष आहे. ग्रे यांचे निरीक्षण असे, की कसून तपासलेल्या प्रणालीत उरलेले दोष बहुतेक दुसऱ्या वर्गातील असतात आणि पुन्हा प्रयत्न केला तर काम पुढे जाते. प्रणाली चालू ठेवण्यासाठी हे पुरेसे आहे. संहिता सिद्ध करण्यासाठी ते पुरेसे नाही, कारण पुन्हा चालवलेला मॅक्रो अर्धवट बदललेल्या मजकुरावर चालतो.

४. दोषशोधाची रीत

कार्ल लाखमान यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाठचिकित्सापद्धतीत समान प्रमादांवरून प्रतींचे कूळ ठरवतात. दोन प्रतींत एकच विचित्र चूक असेल तर त्या समान पूर्वजाकडे बोट दाखवतात. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली आरंभलेल्या आणि १९६६ साली पूर्ण झालेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत, विशेषतः वि. स. सुखटणकर यांनी १९२५ पासून घालून दिलेल्या मार्गाने, प्रतींच्या मिश्र परंपरेमुळे हे तत्त्व जपून वापरले गेले. तथापि साक्षी गोळा करणे, त्या ताडून पाहणे आणि मगच दुरुस्ती करणे हा क्रम कायम राहिला.

अनियत दोषाचा शोध नेमका याच क्रमाने चालतो. प्रथम साक्षी : चूक आली तेव्हा कोणता दस्तऐवज उघडा होता, कोणत्या यंत्रावर, चुकीचा क्रमांक कोणता, त्याआधी वापरणाऱ्याने काय केले होते. नंतर तुलना : तोच मॅक्रो दुसऱ्या यंत्रावर, दुसऱ्या दस्तऐवजावर चालवून पाहणे. वर्ड आपल्या सर्वसामान्य आराखड्यातून, म्हणजे ‘नॉर्मल’ टेम्प्लेटमधून, शैली व मॅक्रो उचलते, आणि जोडकार्यक्रमही गुपचूप हजर असतात. हे सारे वगळून वर्ड सुरू करण्याची सोय आहे. त्या स्थितीत दोष नाहीसा झाला तर मूळ आराखड्यात वा जोडकार्यक्रमात आहे, हे ठरते. नॉर्मल टेम्प्लेटचे नाव बदलले की वर्ड नवे टेम्प्लेट तयार करते. जुने हाती राहते आणि पुढे ताडून पाहता येते. शेवटी विभाजन : दस्तऐवज अर्ध्यात तोडून कोणत्या अर्ध्यात चूक येते ते पाहणे, मग त्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग. हजार परिच्छेदांतील सदोष परिच्छेद या रीतीने दहा पायऱ्यांत सापडतो.

या सर्व खटाटोपाला बगल देणारी एक आज्ञा व्हिज्युअल बेसिकमध्ये आहे. ‘चूक आली तर पुढील ओळीवर जा’ असे ती सांगते. नियंत्रित वापरात ती उपयुक्त आहे. परंतु मॅक्रोच्या आरंभी एकदा लिहून ठेवली, की त्यानंतरची प्रत्येक चूक मौनात जाते. सुखटणकरांच्या आवृत्तीत ज्या पाठाची खात्री कमी, त्याखाली नागमोडी रेषा आहे. लेखनिकही पुष्कळदा न लागलेल्या अक्षरांची जागा मोकळी सोडीत असत. ही आज्ञा नागमोडी रेषाही ओढत नाही आणि जागाही मोकळी सोडत नाही.

दोषांची उघड नोंद ठेवण्याचा आदर्श डोनाल्ड क्नूथ यांनी घालून दिला. ‘टेख’ या मॅक्रोप्रधान अक्षरजुळणी-प्रणालीच्या घडणीत झालेल्या चुकांची त्यांनी १९७८ पासून रोजनिशी ठेवली आणि १९८९ साली ती विवेचनासह प्रसिद्ध केली. चुकांचे १५ वर्ग त्यांनी पाडले. त्यांत क्षुल्लक मुद्रणदोषापासून अनपेक्षित परिस्थितीपर्यंत सारे आहे. आपल्याच प्रमादांना दिलेले हे एक चिकित्सक परिशिष्ट होय.

५. उगमाचा प्रश्न

१९९५चा कन्सेप्ट आणि मार्च १९९९चा मेलिसा या विषाणूंनंतर मॅक्रोकडे संशयाने पाहणे अपरिहार्य झाले. वर्ड २००० मध्ये सुरक्षेच्या पायऱ्या आल्या. २००७ मध्ये मॅक्रो असलेल्या आणि नसलेल्या दस्तऐवजांची धारिकारूपे वेगळी झाली. २०२२ मध्ये आंतरजालावरून आलेल्या धारिकांतील मॅक्रो मुळातच रोखले जाऊ लागले. परिणामी एकच धारिका पेनड्राइव्हवरून आली तर तिचा मॅक्रो चालावा आणि आंतरजालावरून उतरवली तर चालू नये, असे घडू शकते. बाहेरून पाहणाऱ्याला हाही अनियत दोषच वाटतो. प्रत्यक्षात इथे यंत्र हस्तलिखितसंग्रहाच्या अधिकाऱ्याचा जुना प्रश्न विचारत असते : ही प्रत कुठून आली?

६. मराठी संहितेचा अनुभव

या इतिहासाचा मराठीशी येणारा संबंध प्रत्यक्ष आहे. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण १९८८ साली आले आणि १९९१ साली सुधारले गेले; त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तरीही मराठी प्रकाशनव्यवहार पुढे दीर्घकाळ अशा फाँटांवर चालला, ज्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले होते. पडद्यावर मराठी दिसे. धारिकेत रोमन चिन्हांचा क्रम असे. हा संग्रह युनिकोडमध्ये आणण्याचे काम पुष्कळ ठिकाणी वर्डमधील शोध-बदलाच्या मॅक्रोंनी झाले.

अशा फाँटांत ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी, व्यंजनाआधी लिहिलेली असते. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे व्यंजनानंतर येते. एक अक्षर ओलांडणारा मॅक्रो ‘किती’ बिनचूक बदलतो, पण ‘स्थिती’मध्ये वेलांटीने संपूर्ण जोडाक्षर ओलांडावयाचे असते, हे विसरला तर फसतो. रफाराचे उलट आहे; तो दिसतो जोडाक्षराच्या शेवटी, लिहावयाचा आरंभी. बदलांचा क्रमही महत्त्वाचा. ‘ो’ हे चिन्ह जर काना आणि मात्रा अशा दोन तुकड्यांनी बनत असेल आणि मॅक्रोने आधी सुटे तुकडे बदलले, तर धारिकेत काना आणि मात्रा ही दोन स्वतंत्र चिन्हे राहतात. कागदावर ती पुष्कळदा ‘ो’ सारखीच दिसतात. मुद्रितशोधकाला चूक दिसत नाही. शोधयंत्राला शब्द सापडत नाही.

वर्डची स्वयंसुधारणा चालू असेल तर आणखी गुंता होतो. वाक्यारंभीचे रोमन अक्षर ती मोठे करते. ज्या फाँटांत लहान अक्षरावर पूर्ण व्यंजन आणि मोठ्यावर अर्धे व्यंजन बसवलेले असते, तिथे वाक्याच्या आरंभीचा ‘क’ पाय मोडून ‘क्’ होतो. एकाच टंकलेखकाने दोन यंत्रांवर तयार केलेल्या प्रकरणांवर एकच मॅक्रो निरनिराळा परिणाम दाखवतो, त्याचे एक कारण हे.

मराठीचे खास लेणे असलेल्या अर्ध्या ‘ऱ्’ची गोष्ट अधिक गंभीर आहे. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’, ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ हे निराळे शब्द आहेत. रूपांतराच्या तक्त्यात या चिन्हाला स्वतंत्र जागा नसेल तर डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो आणि स्वयंपाकघरातला आचारी गुरुपदाला पोहोचतो. जागा असली तरी युनिकोडमध्ये हे रूप दोन प्रकारे लिहिता येते : नुक्तायुक्त ‘ऱ’ला हलन्त देऊन, किंवा साध्या ‘र’ला हलन्त देऊन त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवून. दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण एकाचा शोध घेता दुसरे सापडेलच असे नाही. ‘ॲ’ला स्वतंत्र स्थान २००८ साली, युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत मिळाले. त्यापूर्वीच्या संहितांत तो अन्य प्रकारे जुळवलेला आढळतो.

तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने धोका इथे आहे. एखाद्या लेखकाच्या साहित्यात अमुक शब्द येत नाही, अमुक दशकानंतर तो रूढ झाला, दोन भाषांतरकारांपैकी एकाने तो टाळला, अशी विधाने आता शोधयंत्राच्या आधारे केली जातात. न सापडणे म्हणजे नसणे, असे त्यांत गृहीत असते. मॅक्रोने मौनात केलेली चूक या गृहीताचा पायाच काढून घेते. वाचताना डोळा सांभाळून घेतो. मोजताना कोणी सांभाळत नाही.

७. समारोप

इटालियन भाषाशास्त्रज्ञ सेबास्तियानो टिंपानारो यांनी १९७४ साली फ्रॉइडच्या प्रमादमीमांसेवर टीका करताना, मनोविश्लेषणाने गूढ अर्थ लावलेल्या कित्येक चुका पाठचिकित्सेला परिचित असलेल्या साध्या नियमांनी उलगडतात, असे दाखवले. टिंपानारो दीर्घकाळ एका प्रकाशनसंस्थेत मुद्रितशोधक होते, हे इथे ध्यानात घेण्याजोगे आहे. चुकीला गूढ मानण्यापूर्वी तिचा नियम शोधावा, ही त्यांची शिस्त यंत्राच्या चुकीलाही लागू पडते. ‘यंत्राची लहर’ हे स्पष्टीकरण शोध थांबवण्याचे निमित्त ठरते.

चिकित्सक आवृत्तीच्या प्रस्तावनेत वापरलेल्या हस्तलिखितांचे वर्णन असते : प्रत कोणती, कुठली, कोणत्या स्थितीत. रूपांतरित संहितेच्या संपादकाकडूनही तेवढीच अपेक्षा रास्त ठरते. मूळ फाँट कोणता, रूपांतराचा मॅक्रो कोणता, तो कोणत्या क्रमाने चालवला, कुठे अडला आणि अडल्यावर काय केले, याची नोंद संहितेसोबत असावी. आणि जिथे मॅक्रो अडला ती जागा पुढे ढकलण्याऐवजी खूण करून ठेवावी. पोथीच्या शेवटी लेखनिक शुद्धाशुद्धाचा दोष आपणास देऊ नये, जसे पाहिले तसे लिहिले, असे नम्रपणे नोंदवीत असे. मॅक्रो असे काही लिहीत नाही. ती जबाबदारी तो चालवणाऱ्यावर येते.